सिंगल सीट

“सीटमुळं माणूस मरतंय का, साहेब?” इलाहीचाचांनी विचारलं.

“मरतं,” पाहुणा म्हणाला. “माझी बायको गेली.”

चाचांच्या हातातली सुई थांबली.

“म्हणून तर तुमच्याकडे आलोय. मला सिंगल सीट हवंय. मागे जागाच नको.”

चाचांनी सुई कापडात खोचून ठेवली…

बार्शीतून कुर्डुवाडीकडं निघालं की गाव संपता संपता पत्र्याचं एक शेड लागतं. तिथं इलाही नदाफ मोटरसायकलींची सीटं शिवतात. त्यांचे आजोबा कापूस पिंजायचे आणि घोड्यांची खोगिरं भरायचे. वडील गाद्या भरायचे. चाचा सीटं भरतात. वय सत्तरीच्या पुढं, पण टाका अजून सरळ.

मी एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. मला तिथं काही काम नसतं आणि चाचांची त्याला हरकत नसते. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चाचांचं नाव लांबवर गेलंय. पुण्याहून, हैदराबादहून लोक मोठाल्या क्रूझर गाड्या घेऊन येतात. मला त्या गाड्यांचा मनापासून राग आहे. पाऊणशे किलोच्या माणसानं अडीचशे किलोचं लोखंड मांडीखाली घ्यायचं आणि वर कंबर दुखते म्हणून रडायचं. चाचांना मात्र कुणाचा राग येत नाही. ते म्हणतात, जो बसतो त्याला दुखणारच.

हा पाहुणा पुण्याचा. श्रीरंग टिपणीस. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, चामड्याचं जाकीट, मनगटावर मोठं घड्याळ. सव्वा लाख किलोमीटर गाडी चालवली म्हणाला. दर रविवारी नवख्या पोरांना गाडी कशी सांभाळायची ते शिकवतो, तेही सांगितलं. त्याच्या क्लबातले लोक त्याला ‘सर’ म्हणतात, असं त्यानं दोनदा सांगितलं.

पोत्यातून त्यानं तीन सीटं काढून जमिनीवर ओळीनं मांडली.

“हे कंपनीचं. हे जेल भरलेलं. हे परदेशातून मागवलं. तिन्ही वापरून पाहिली. तिन्ही बेकार. आता गाडीवर आहे ते चौथं, तेही तसंच.”

“बाई कुटल्या सीटावर हुत्या?” चाचांनी विचारलं.

त्यानं बुटानं मधलं सीट दाखवलं. जेलचं. रुंद, फुगीर, मागं पाठ टेकायला छोटीशी गादीसुद्धा होती.

“कसं झालं?”

“टेंभुर्णीच्या पुढे. संक्रांतीच्या आधी चार दिवस. उसाची ट्रॉली चालली होती. मी उजवीकडून पुढे काढत होतो, तेवढ्यात समोरचा रस्ता तुंबला. ट्रॉलीला लागूनच थांबावं लागलं. डावा पाय टेकवला, पण पाय लागला नाही. सीट इतकं रुंद, की मांडी आखडून पाय बधीर झाला होता. गाडी डावीकडे गेली. वृंदा ट्रॉलीच्या बाजूला पडली… आणि ट्रॉली हलली.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“सीट अरुंद असतं तर ती आज असती,” टिपणीस म्हणाला. “मी शंभर वेळा हिशेब मांडलाय. दुसरं कारणच नाही.”

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हे वाक्य त्यानं खूप जणांना सांगितलेलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. पोलिसांना, मुलीला, सासुरवाडीच्या माणसांना. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं.

“आता गाडी सोडणार असाल…” चाचा म्हणाले.

“सोडायची कशाला? पंधरा तारखेला क्लब निघतोय. बारा दिवसांची राइड. पंचवीस गाड्या. सगळ्यात पुढे मी असतो. म्हणून घाई आहे. पुढे अरुंद, बैठकीला मऊ, खाली स्प्रिंग. दिवसाला सहाशे किलोमीटर झाले तरी काही जाणवायला नको, असं सीट द्या.”

“काय जाणवाय नगं?”

“काहीच नको.”

चाचांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला समजलं नाही.

टिपणीस शेडमध्ये फिरू लागला. भिंतीला टांगलेली तयार सीटं तो अंगठ्यानं दाबून बघत होता. एक दाबलं, नाक मुरडलं. दुसरं दाबलं, बरं म्हणाला. एक पाय तो किंचित ओढत होता. मोठे बूट असतील म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

“अंगठ्यानं बसणार हाय का?” चाचांनी विचारलं.

तो हसला. “चाचा, मला सीट पाच मिनिटांत कळतं.”

“कळू द्या की. तासभर बसा, मग सांगा काय कळलं ते.”

चाचांची रीत जुनी आहे. शेडच्या मधोमध एक लाकडी घोडी आहे. तिला पुढं हँडल ठोकलंय, खाली पाय ठेवायला दांडे आहेत. त्या घोडीवर सीटाचा नुसता पत्रा बसवायचा, वर नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर टाकायचा, नमद्यावर मांजरपाटाचं जाड कापड. नमदा आणि मांजरपाट यांच्यामध्ये चिंचोके पेरायचे. गिऱ्हाइकानं तासभर उतरायचं नाही. कुठं टोचतं ते सांगायचं, चाचा तिथं खडूनं खूण करतात. टोचतं तिथं हाड. हाडाखाली घट्ट फोम लागतो, बाजूला मऊ. नुसतं मऊ सीट दुकानात छान वाटतं आणि शंभर किलोमीटरवर जीव खातं.

ही रीत आजोबांची. ते खोगीर घोड्याच्या पाठीवर टाकून घोड्याच्या कातडीकडं बघत बसायचे. खुपलं की तिथली कातडी थरथरते. चाचा माणसाच्या तोंडाकडं बघतात.

टिपणीस घोडीवर बसला. हँडल धरलं. पाठ ताठ ठेवली. फोटो काढायला बसल्यासारखा दिसत होता.

“उजवीकडे टोचतंय,” तो लगेच म्हणाला. “इथे. आणि इथे.”

चाचांनी दोन खुणा केल्या.

“आन् डावीकडं?”

“डावीकडे काही नाही.”

चाचांनी कापडाखाली हात घालून डावीकडं आणखी चिंचोके सरकवले. मूठभर असतील.

“आता?”

“काही नाही. ही बाजू ठीक आहे.”

चाचा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले… मग उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत हात घालून त्यांनी काहीतरी शोधलं. ट्रकच्या चाकाचा नट. माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, कडा धारदार. येऊन त्यांनी तो कापडाखालून त्याच्या डाव्या मांडीच्या मुळाशी सरकवला.

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी तोंड मिटलं.

टिपणीस बोलत होता. पोरांना तो काय शिकवतो ते सांगत होता.

“मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. गाडी बिघडायच्या आधी शरीर बोलतं. खांदा बोलतो, कंबर बोलते. शरीर काय सांगतंय ते ऐकायला शिका. जो ऐकत नाही त्याला मी ग्रुपमध्ये घेत नाही.”

“बराबर हाय,” चाचा म्हणाले.

चहा आला. त्यानं घोडीवरच घेतला. उजवीकडं तो सारखा चुळबुळत होता. डावीकडं सगळा भार टाकून निवांत बसला होता. त्याच्या खाली लोखंड होतं आणि तो साखर जास्त झाली म्हणून सांगत होता. मला चहा जाईना.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला.

“चाचा, एक सांगू?” टिपणीस म्हणाला. “डावी बाजू तुम्हाला जमलीये. इतका आराम मला आजवर कुठल्याही सीटवर मिळाला नाही. उजवीही अशीच करून द्या.”

चाचांनी डोळे मिटून घेतले.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. उठलो नाही.

“उतरा,” चाचा म्हणाले.

तो उतरला. चाचांनी मांजरपाट उचलला. उजवीकडं पाच चिंचोके होते. डावीकडं ढीगभर चिंचोके आणि मधोमध तो नट.

टिपणीस बघत राहिला… मग हसला.

“ही काय गंमत आहे?”

त्यानं हात मागं नेऊन मांडी चाचपली. पँटवर नटाचा ठसा उमटला होता, तो त्याच्या बोटांना लागला. त्यानं तिथं दाबलं. आणखी जोरात दाबलं. मग मुठीनं मारलं. मारताना त्याचं तोंड जसंच्या तसं होतं.

“बधीर झालाय पाय. पुण्याहून आलोय ना. चार तास गाडीवर.”

“येऊन दीड तास झाला,” चाचा म्हणाले. “उजवा न्हाई झाला तो बधीर?”

टिपणीसनं पुन्हा मांडी दाबली.

“कवापासनं हाय हे?”

“काय कधीपासून? सीट नीट नसेल तर कुणालाही होतं. म्हणून तर मी…”

“कवापासनं, साहेब?”

टिपणीस खाली बसला. स्टुलावर बसायचं होतं, पण तो जमिनीवर मांडलेल्या त्या सीटांपाशीच बसला. मघाचा ताठपणा गेला होता.

“गणपतीपासून,” तो म्हणाला.

चाचा त्याच्यासमोर उकिडवे बसले.

“बाईंना म्हाईत हुतं?”

तो आपल्या डाव्या बुटाकडं बघत राहिला.

“घरात माझी डावी चप्पल मागे राहायची,” तो म्हणाला. “चालता चालता पायातून निसटायची आणि मला कळायचंच नाही. मी तसाच पुढे जायचो. वृंदा मागून चप्पल उचलून आणायची. पायाशी ठेवायची. पहिल्यांदा हसायची… नंतर हसेनाशी झाली.”

“काय म्हणायच्या?”

“डॉक्टरकडे चला म्हणायची. रोज म्हणायची.”

“आन् तुमी?”

“मी म्हटलं, सीटमुळे होतंय. सीट बदललं की थांबेल. दसऱ्याला हे घेतलं.”

त्याचा हात जेलच्या सीटवर होता. हात ठेवलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो काढून घेतला.

“थांबलं?”

“मांडी दुखायची ती थांबली. मी तिला म्हटलं, बघ, थांबलं. दुखतच नाही आता… तिलाही खरं वाटलं असावं. त्यानंतर ती डॉक्टरचं नाव काढेनाशी झाली.”

मला राहवलं नाही. मी मध्ये बोललो. बोलायला नको होतं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हणालो. “पाय हुकणार हे ठाऊक असून तुम्ही तिला मागं बसवलंत.”

चाचांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. गप्प राहा म्हणून.

“मला माहीत नव्हतं,” टिपणीस म्हणाला.

चाचा वाट बघत बसले. घाई केली नाही, मान हलवली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटतं आजोबा घोड्यासमोर असेच बसत असतील…

“माहीत होतं,” टिपणीस म्हणाला.

मग त्याला रडू आलं. मोठ्या माणसाला रडायची सवय नसली की ते वाईट दिसतं. आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग खांदे हलायला लागले. मघापासून मला त्याची चीड येत होती. ती गेली नाही. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. हातात चप्पल घेऊन ती खोल्याखोल्यांतून त्याच्यामागं येताना मात्र मला स्पष्ट दिसली.

चाचांनी त्याला पाणी दिलं.

“डाक्टरला दावलं का आता तरी?”

त्यानं मान हलवली. “नाही.”

“का वो?”

“गाडी बंद करा म्हणेल.”

“म्हनंल.”

“मग माझ्याकडे काय उरलं, चाचा? घरी गेलो की सगळीकडे ती. गाडीवर तेवढं डोकं शांत राहतं. क्लबातली माणसं सर म्हणतात. तेवढंच आहे माझ्यापाशी.”

चाचांनी रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला.

टिपणीसनं तोंड पुसलं. उभा राहिला. जाकीट खाली ओढून सारखं केलं. माणूस स्वतःला पुन्हा कसा बांधतो ते मी बघत होतो. दोन मिनिटांत तो शेडमध्ये आला तेव्हा होता तसाच झाला.

“शिवा,” तो म्हणाला. “सिंगलच शिवा. हवं तसं घट्ट करा, मऊ करा, तुमची मर्जी. मागे मी आता जन्मात कुणाला बसवणार नाही. मुलीलासुद्धा नाही. पुन्हा पाय हुकला तर हुकू दे. होईल ते माझं एकट्याचं होईल. मला त्याचं काही वाटत नाही.”

“एकट्याचं,” चाचा म्हणाले.

“हो. एकट्याचं.”

चाचा उठले. पान्हा घेतला. बाहेर त्याची गाडी उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. काळी, चकचकीत, टाकीवर धुळीचा पातळ थर. आम्ही दोघं मागोमाग गेलो. चाचांनी मागच्या बैठकीचा बोल्ट सोडवला, बैठक उचलून बाजूला जमिनीवर ठेवली. उघडं मडगार्ड आणि बोल्टाचं भोक तेवढं उरलं. एवढं काम करायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

टिपणीस त्या उघड्या जागेकडं बघत होता. त्यानं एकदा हात पुढं केला, पण लावला नाही.

“बसा,” चाचा म्हणाले.

तो बसला. डावा पाय जमिनीवर नीट टेकलाय का, हे त्यानं खाली वाकून डोळ्यांनी बघितलं. मी बघितलं की त्यानं बघितलं.

“समोर बगा.”

बाजाराचा दिवस होता. रस्ता भरून वाहत होता. डोक्यावर मेथीच्या जुड्यांचं ओझं घेऊन दोघी जणी कडेकडेनं चालल्या होत्या. सायकलला शिडी बांधून एक रंगारी मधूनच निघाला होता. पलीकडं एक बाई कडेवर लेकरू घेऊन रस्ता ओलांडायची वाट बघत होती. ती एकदा पुढं व्हायची, ट्रॉली आली की मागं सरायची. तिनं आमच्याकडं, म्हणजे त्या गाडीकडं बघितलं. गाडी सुरू होते की काय याचा ती अंदाज घेत होती.

टिपणीस हँडल धरून बसला होता. चाचा त्याच्या शेजारी पान्हा घेऊन उभे होते.

चाचांनी पान्हा रस्त्याकडं केला.

“मागचं मी काढलं, साहेब,” चाचा म्हणाले. “आता ह्यातलं कुनाला काढू?”